तहान लागण्यापूर्वींची विहीर

तहान लागल्यावर विहीर खणूं नये, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं कोणास ठाऊक नाहीं? वऱ्हाडांत तर ही केवळ म्हण नव्हे. पूर्णा नदीच्या खोऱ्यांत, अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून जो खारपाणपट्टा पसरला आहे, तेथील शेतकरी या म्हणीस आणखी एक पुस्ती जोडील. विहीर वेळेवर खणली, पाणीहि लागलें, एवढ्यानें भागत नाहीं. तें पाणी चाखून पाहावें लागतें. खारें निघालें तर विहीर भरलेली आणि घसा कोरडा! वेळेपूर्वीं खणणें व चाखून पाहणें, या दोन गोष्टी आज आम्ही एका अगदीं वेगळ्या वस्तूस लावून दाखविणार आहों. ती वस्तु म्हणजे बिघडलेला संगणक पुन्हां चालूं करण्याकरितां आधींच करून ठेवावयाचा पेनड्राइव्ह. यास रिकव्हरी ड्राइव्ह म्हणतात.

हल्ली संगणक हा घरांतील एक कमावता माणूस होऊन बसला आहे. अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज त्यावर, शिष्यवृत्तीचा अर्ज त्यावर, वडिलांच्या दुकानाचीं बिलें त्यावर, आणि थोरल्या बहिणीचा प्रबंधहि त्याच्याच पोटांत. हा कमावता माणूस एके सकाळीं उठेनासा झाला म्हणजे घरावर काय प्रसंग ओढवतो, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस सांगावयास नको. पडदा काळाच राहतो. अथवा निळ्या पडद्यावर एक इंग्रजी वाक्य उमटतें, यंत्र आपलें आपण बंद पडतें, पुन्हां सुरू होतें आणि पुन्हां तेंच वाक्य. कारणें निरनिराळीं असतात. प्रणालीच्या सुधारणा, म्हणजे अपडेट, चढत असतां मध्येंच वीज गेली, डिस्क झिजली, एखादा घातक प्रोग्रॅम आंत शिरला. परंतु यंत्र उठलें नाहीं म्हणजे सारेंच गेलें असें मुळींच नाहीं. पुष्कळदां यंत्राचे अवयव धडधाकट असतात. बिघडलेली असते ती विंडोज ही प्रणाली, आणि तीहि थोडीशीच. मात्र ती सुधारावयाची तर यंत्र सुरू व्हावें लागतें, आणि यंत्र सुरू होत नाहीं हीच तर तक्रार!

ही कोंडी कशी फुटते हें समजण्यासाठीं बटण दाबल्यापासून पहिल्या कांहीं क्षणांत काय घडतें तें पाहिलें पाहिजे. आपल्या शाळेचेंच उदाहरण घ्या. सकाळीं सर्वांच्या आधीं शिपाई येतो. तो फाटक उघडतो, दिवे लागतात कीं नाहीं हें पाहतो, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीचें दार उघडून देतो. वेळापत्रक, शिस्त, अध्यापन यांशीं त्याचा संबंध नाहीं. त्याचें काम दार उघडण्यापुरतें. संगणकाच्या मुख्य पट्टीवर, जिला मदरबोर्ड म्हणतात तीवर, एका लहानशा चिपमध्यें असाच एक शिपाई कायमचा बसविलेला असतो. जुन्या यंत्रांत त्याचें नांव बायोस, नव्या यंत्रांत यूईएफआय. वीज येतांच तो जागा होतो, स्मृति, कळफलक, पडदा हीं जागच्या जागीं आहेत कीं नाहींत हें पाहतो, आणि मग प्रणालीच्या शोधास निघतो. कोणत्या दारीं आधीं जावयाचें याची यादी त्याच्यापाशीं असते: आधीं आंतील डिस्क, मग पेनड्राइव्ह, मग आणखी कांहीं. ही यादी आपणांस बदलतां येते. किंवा एका वेळेपुरतें त्याच्या कानांत सांगतां येतें कीं, आज अमुक दारीं जा.

आंतील डिस्कवरचे मुख्याध्यापक आजारी असले तरी शिपाई आजारी नसतो, यांतच सारें मर्म आहे. पेनड्राइव्हच्या दारीं दुसरे मुख्याध्यापक उभे असतील तर तो शाळा त्यांच्या स्वाधीन करतो, आणि मग ते आंत जाऊन आजारी गृहस्थांची शुश्रूषा करूं शकतात.

मात्र दारीं उभ्या असलेल्या माणसास शिपायानें ओळखलें पाहिजे. कित्येक विद्यार्थी चालत्या संगणकांतील विंडोजचा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घेतात व आपण निश्चिंत झालों असें समजतात. हा मुख्याध्यापकांचें छायाचित्र दारांत टांगण्याचा प्रकार होय. शिपायास हवी असते ती ठराविक जागीं, ठराविक नांवानें ठेवलेली एक आरंभक फाइल. ती ज्या माध्यमावर यथास्थित बसविलेली असते, त्यासच बूटेबल म्हणतात. या शब्दाची गंमत अशी कीं, इंग्रजी बुटास मागच्या बाजूनें ओढून घालण्याकरितां एक पट्टी असते, तिला बूटस्ट्रॅप म्हणतात. आपल्याच बुटाची पट्टी ओढून आपणांस वर उचलणें ही त्या लोकांत अशक्य गोष्टीची थट्टा. संगणक कोणी न उठवितां आपला आपण उठतो, म्हणून ती थट्टा त्यास चिकटली आणि पुढें ‘बूट’ एवढीच उरली.

आतां आधीं खणण्याविषयीं. १९ जुलै २०२४ रोजीं, शुक्रवारीं, आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटें झालीं असतां, क्राउडस्ट्राइक नांवाच्या अमेरिकन कंपनीनें आपल्या संरक्षक प्रोग्रॅमची एक लहानशी फाइल जगभरच्या संगणकांस धाडली. फाइलींत दोष होता. तो प्रोग्रॅम प्रणालीच्या अगदीं गाभ्यांत बसत असल्यामुळें त्यासरशी विंडोजच कोसळूं लागली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर येऊन थांबले. मुंबईच्या विमानतळावर कांहीं विमान कंपन्यांस उतारूंची नोंद हातानें करावी लागली. देशांत कित्येक ठिकाणीं प्रवाशांच्या हातीं शाईनें लिहिलेले बोर्डिंग पास पडले. (अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून त्या वेळीं प्रवासी विमानें सुटत नव्हतीं; तीं १६ एप्रिल २०२५ पासून सुटूं लागलीं. तेव्हां आमच्या नगरीस ही तसदी पडली नाहीं, यांत आमची कर्तबगारी कांहींच नाहीं.)

या प्रसंगांतील शिकण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. कंपनीनें आपली चूक ७८ मिनिटांत सुधारली. तरीहि कित्येक कचेऱ्या पुढें अनेक दिवस अडून राहिल्या. असें कां व्हावें? सुधारलेली फाइल तारेवरून येत होती हें खरें, परंतु ती घेण्यापुरतें तरी यंत्र उठलें पाहिजे ना! उठतां उठतांच तें पुन्हां कोसळत होतें. अखेर माणसांस एकेका यंत्रापाशीं जाऊन, तें निराळ्या मार्गानें चालूं करून, ती सदोष फाइल हातानें काढून टाकावी लागली. मायक्रोसॉफ्टनें दोनएक दिवसांत याच कामाकरितां एक साधन प्रसिद्ध केलें. त्यापासून काय तयार होत असे? बूटेबल पेनड्राइव्ह! एवढी मोठी विद्या, एवढीं मोठीं जाळीं, पण शेवटीं जगाची गाडी रुळावर आणण्यास बोटाएवढा पेनड्राइव्ह घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर जाणारा माणूस लागला.

दुसरा प्रसंग याहून जुना व याहून भयंकर. २७ जून २०१७ रोजीं युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रोग्रॅमवाटे नॉटपेट्या नांवाचा घातक प्रोग्रॅम सुटला आणि पाहतां पाहतां देशोदेशीं पसरला. यंत्र ज्या जागेवरून प्रणाली उचलतें, ती डिस्कच्या आरंभींची जागाच तो खरडून टाकी. डेन्मार्कच्या मेर्स्क या जहाज कंपनीचें जाळें त्यानें लोळविलें, आणि तिच्या समूहाकडे असलेलें आपल्या रायगड जिल्ह्यांतील न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराचें एक टर्मिनलहि त्या तडाख्यांत सांपडलें. त्या कंपनीस दहा दिवसांत सुमारें ४५,००० संगणक व ४,००० सर्व्हर नव्यानें उभे करावे लागले.

पण खरी मौज पुढें आहे. कोणत्या यंत्रानें कोणास आंत घ्यावयाचें याची नोंदवही ठेवणारे दीडशेंच्या आसपास सर्व्हर त्या कंपनीपाशीं निरनिराळ्या देशांत होते. प्रत्येकापाशीं सर्व नोंदींची प्रत. एक गेला तर दुसरा आहेच, असा त्यांचा भरंवसा. परंतु ते सर्व एकमेकांशीं जोडलेले असल्यामुळें सर्वच्या सर्व एकदम पुसले गेले. एकच वांचला. तो आफ्रिकेंतील घाना देशांत होता, आणि तो वांचण्याचें कारण काय, तर हल्ल्याच्या थोडें आधीं तेथील वीज गेली होती! ज्या वीज जाण्यास आपण वऱ्हाडांतील लोक उन्हाळाभर बोल लावीत असतों, तिनेंच त्या बलाढ्य कंपनीची अब्रू राखिली. तीं नोंदपत्रें मग हातोहात घानाहून नायजेरियामार्गें इंग्लंडांत नेण्यांत आलीं. तात्पर्य, जी प्रत सदैव जोडलेली ती संकटांतहि जोडलेलीच. पेनड्राइव्ह तयार करून संगणकासच खोंचून ठेवणारे लोक आम्हांस ठाऊक आहेत. तो काढून कपाटांत ठेवावा, तरच तो कामाचा.

येथवर वाचून ज्यांस हें साधन करावेंसें वाटलें असेल, त्यांच्याकरितां आतां कृति सांगतों. यंत्र सुरळीत चालत असतांनाच हें करावयाचें आहे. किमान १६ जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा. ३२ असल्यास उत्तम. त्यावरील पूर्वींचें सारें पुसलें जातें, यास्तव त्यांत लग्नाचे फोटो वगैरे नाहींत अशी आधीं खात्री करावी. विंडोजच्या शोधपट्टींत ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ असें इंग्रजींत लिहिलें म्हणजे ‘क्रिएट ए रिकव्हरी ड्राइव्ह’ हा प्रोग्रॅम दिसतो. तो उघडल्यावर, सिस्टिम फाइली ड्राइव्हवर घ्याव्या काय असा प्रश्न येतो, व त्यापुढें एक चौकट असते. तींत खूण असूं द्यावी. ती काढल्यास किरकोळ दुरुस्तीचीं हत्यारें तेवढीं मिळतात. विंडोज नव्यानें बसवितां येत नाहीं. पुढें पेनड्राइव्ह निवडून ‘क्रिएट’ दाबावें आणि दुसऱ्या कामास लागावें, कारण यास तास-दीड तासहि लागूं शकतो. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला असूं द्या.

आणखी एक काम याच दिवशीं उरकून घ्यावें, व आमच्या मतें तें पेनड्राइव्हहूनहि अगत्याचें आहे. अलीकडच्या पुष्कळ यंत्रांत डिस्कवरील मजकूर कुलूपबंद केलेला असतो. या व्यवस्थेस बिटलॉकर अथवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. घरांत कोणास याची दादहि नसते, कारण रोज कुलूप आपलें आपण उघडतें. पण यंत्र निराळ्या दारानें चालूं केलें कीं तें ४८ अंकांची किल्ली मागतें. किल्ली नसेल तर निष्णात कारागीरहि आंतला कागद बाहेर काढूं शकत नाहीं; कुलूप त्यासाठींच केलेलें आहे. १९ जुलैच्या गोंधळांत अनेक ठिकाणीं काम रखडलें तें या अंकांच्या शोधांत. तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत ही किल्ली बहुधा नोंदलेली असते. ती तेथून काढून, ४८ अंक दोनदां ताडून, वहींत शाईनें लिहावे, आणि ती वही घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी. त्याच संगणकांत एक फाइल करून ती ठेवणें म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरींत ठेवणें.

आतां पाणी चाखण्याची पाळी. येथें बहुतेकजण आळस करतात. पेनड्राइव्ह लावून सेटिंग्जमधील ‘सिस्टिम’ व त्यांतील ‘रिकव्हरी’ येथें जावें, ‘ॲडव्हान्स्ड स्टार्टअप’ निवडावें, व पुढच्या पडद्यावर ‘यूज ए डिव्हाइस’ म्हणून आपला पेनड्राइव्ह दाखवावा. यंत्र त्यावरून उठून कळफलकाची भाषा विचारूं लागलें कीं पाणी गोडें आहे असें समजावें. मग कांहींएक न करतां यंत्र बंद करावें, पेनड्राइव्ह काढावा व यंत्र पूर्ववत् चालूं करावें. प्रत्यक्ष संकटांत मात्र सेटिंग्ज उघडणार नाहींत. तेव्हां बटण दाबतांच एक विशिष्ट कळ पुनःपुन्हां दाबून शिपायाच्या कानाशीं लागावें लागतें. ही कळ कंपनीगणिक वेगळी असते: डेल व लेनोवो यांत बहुधा एफ १२, एचपींत एस्केप अथवा एफ ९. आपल्या यंत्राची कोणती तें आजच पाहून पेनड्राइव्हच्या चिठ्ठीवर लिहून ठेवा. त्या चिठ्ठीवर यंत्राचें नांव व तारीखहि असूं द्या.

वेळ आलीच तर उपाय सौम्यापासून उग्राकडे करीत जावे. पेनड्राइव्हवरून यंत्र उठल्यावर ‘ट्रबलशूट’ आणि त्यांत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ या नांवाखालीं ‘स्टार्टअप रिपेअर’ आहे, तें आधीं करून पाहावें. न साधल्यास नुकताच चढलेला अपडेट उतरवून पाहावा. मग ‘सिस्टिम रिस्टोअर’, म्हणजे कांहीं दिवसांपूर्वींची घडी पुन्हां बसविणें. या तिहींत तुमचे कागद सहसा जागच्या जागीं राहतात. ‘रिकव्हर फ्रॉम ए ड्राइव्ह’ हा उपाय अगदीं शेवटचा. त्यानें विंडोज कोरी करकरीत बसते, परंतु तुमचे स्वतःचे कागद, फोटो, बसविलेले प्रोग्रॅम सर्व पुसले जातात.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत मुलीचा प्रबंध सादर करावयास चार दिवस उरले असतां यंत्र बसलें. रिकव्हरी ड्राइव्ह घरांत होता. घाईंत शेवटचा उपाय प्रथम झाला. अर्ध्या-पाऊण तासांत यंत्र नव्यासारखें उघडलें. सर्वांस हायसें वाटलें. आणि मग मुलीनें प्रबंधाचा फोल्डर शोधावयास घेतला. ती त्या वेळीं कांहींच बोलली नाहीं, असें तिची आई सांगे. मार्गदर्शक बाईंकडे ई-मेलनें धाडलेलीं दोन जुनीं प्रकरणें तेवढीं परत मिळालीं.

म्हणून हें अगदीं स्पष्ट असूं द्या कीं, रिकव्हरी ड्राइव्ह यंत्र वांचवितो, तुमचे कागद वांचवीत नाहीं. तुमच्या कागदांची प्रत त्यांत कधींच नसते. तिची तजवीज वेगळी केली पाहिजे, आणि जाणते लोक तिचा हिशेब तीन-दोन-एक असा सांगतात: प्रती तीन, माध्यमें दोन प्रकारचीं, व एक प्रत घराबाहेर. एक संगणकांत, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, एक ऑनलाइन साठ्यांत अथवा नातलगांकडे. अमरावतीकरांनीं ती अकोल्याच्या मावशीकडे ठेवावी, अकोलेकरांनीं अमरावतीच्या काकांकडे. दोन्ही गांवांत शंभरएक किलोमीटरांचें अंतर आहे, तेव्हां चोर, आग किंवा पूर दोहोंकडे एकदम येण्याचा संभव थोडा. मुलांस मावशीकडे जाण्यास एक निमित्तहि होईल.

पेनड्राइव्ह ठेवावा कोठें, हा प्रश्न अन्य प्रांतांत क्षुल्लक असेल, आपल्याकडे नाहीं. पेनड्राइव्हमध्यें मजकूर साठतो तो अतिसूक्ष्म विद्युत्भाराच्या रूपानें, आणि तो भार काळानें हळूहळू गळतो. उष्णतेंत अधिक लवकर गळतो. अकोल्याचा पारा मे महिन्यांत ४५ अंशांवर जातो. टिनाच्या खोलींत, मोटारीच्या खणांत किंवा पश्चिमेच्या खिडकींत तो टाकूं नये. आंतल्या खोलींतील कपाट बरें. शिवाय वर्षांतून एकदां तो पुन्हां नव्यानें करावा असें मायक्रोसॉफ्टचेंहि सांगणें आहे, कारण विंडोज मधल्या काळांत पुष्कळ बदललेली असते. उन्हाळ्याच्या सुटींत, निकाल लागण्यापूर्वीं मुलांस जे रिकामे दिवस असतात, ते यास सोयीचे.

ज्यांनीं हें कांहींच केलें नाहीं व ज्यांचें यंत्र हा अंक हातीं पडण्यापूर्वींच बसलें आहे, त्यांनींहि निराश होऊं नये. शेजारच्या चालत्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून ‘मीडिया क्रिएशन टूल’ उतरवून घेतां येतें, व त्यानें ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजचें बसवणी-माध्यम तयार होतें. तथापि नवी विंडोज बसविण्यापूर्वीं आंतले कागद बाहेर काढून घ्यावे. याकरितां लिनक्सचा ‘लाइव्ह’ पेनड्राइव्ह फार उपयोगी. लिनक्स मिंट अथवा उबंटू ही प्रणाली विनामूल्य मिळते. तिची आयएसओ फाइल, संकेतस्थळावर दिलेल्या पडताळा-अंकांशीं जुळवून, रूफस किंवा एचर या प्रोग्रॅमनें पेनड्राइव्हवर चढवावी. यंत्र त्यावरून उठवलें कीं संपूर्ण प्रणाली पेनड्राइव्हवरूनच चालते, आंतील डिस्कला आपण होऊन हात लावीत नाहीं. ‘इन्स्टॉल’ हें बटण तेवढें टाळावें. आंतली डिस्क एखाद्या कपाटाप्रमाणें उघडून, हवे ते फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतां येतात. कुलूप असल्यास तेथेंहि ते ४८ अंक लागतीलच.

ज्यांच्या घरीं अद्याप विंडोज १० चालते त्यांस एक अधिक सूचना. तिचा नेहमींचा विनामूल्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि कित्येक जुन्या यंत्रांस विंडोज ११ चढत नाहीं. असें यंत्र भंगारांत देण्यापूर्वीं हाच लाइव्ह पेनड्राइव्ह लावून एक दुपार त्यावर काम करून पाहावें; उबंटूंत पडद्यावरील मजकूर मराठींतहि करून घेतां येतो. पेनड्राइव्हवरून चालतांना प्रणाली थोडी मंद वाटेल, डिस्कवर बसविल्यास ती अधिक चपळ होते.